डोळ्यांवरच्या गावातली मोजणी

मोजणीदाराला गावात कुणी प्रेमानं बोलावत नाही. भाऊ भावाच्या अंगावर कुऱ्हाड घेऊन धावून जातो, चारचौघं दोघांना धरून ठेवतात आणि मग एखादा शहाणा म्हणतो, "मोजणी आणा." तेव्हा आम्ही येणार. खांद्यावर साखळी, हातात चुन्याची पिशवी आणि तोंडावर असा भाव, की पृथ्वी झाली त्या दिवशी आखणी आम्हीच करून दिली होती. उमरगा-लोहाऱ्याच्या पट्ट्यात भूकरमापक म्हणून मी उभी नोकरी काढली आणि आता मुरुमला निवांत राहतो. सकाळी फिरायला जातो तेव्हा अजून पावलं मोजतो, आणि कुणाचं कंपाउंड रस्त्यात किती आलंय ते मनातल्या मनात मांडतो. तोंडानं बोलत नाही. निवृत्त माणसानं नव्या भांडणांना हात घालू नये.

नोकरीत हजारो हद्दी दाखवल्या. त्यातली एक चुकीची दाखवली. ती चूक मला माहीत होती आणि मी ती कुणाला सांगितली नव्हती. तीस वर्षं ती मातीखाली सुखरूप होती. ती वर आली एका डोळ्यांवर घालायच्या यंत्रामुळं. त्या यंत्राच्या किमतीत दोन दुभत्या म्हशी येतात, आणि आपल्या भागात ते चालेल की नाही हे बघायला ते आलं होतं. यंत्राचं काय झालं ते सांगतोच, पण माझ्या दृष्टीनं प्रश्न माझ्या सहीचा होता.

आधी आमचा धंदा समजून घ्या. जमिनीला स्वतःची आठवण नसते. म्हणून मोजणीदार आधी गावात एखादी न हलणारी वस्तू शोधतो. वेशीचा दगड, विहिरीचा काठ, देवळाचा कोपरा, काहीही. ती जुन्या नकाशावरही असली पाहिजे आणि जमिनीवरही. तिच्यापासून मापं घेत जायचं, आणि जिथं माप संपेल तिथं चुन्याची रेघ मारायची. रेघेच्या अलीकडं तुझं, पलीकडं त्याचं. सगळी इमानदारी त्या न हलणाऱ्या वस्तूवर उभी. पण आपल्या गावांत न हलणारी वस्तू मिळणं महाकठीण. कुणाला मुलगा होतो, तो देवळाला पायरी वाढवतो. कुणी निवडणूक जिंकतो, तो विहिरीला नवा काठ बांधतो. देवाला हद्द नसते असं म्हणतात, ते मोजणीदाराला पहिल्याच वर्षी पटतं.

आमचा दुसरा नियम: ज्याची मोजणी आहे त्याच्या घरी जेवायचं नाही. पाणी प्यायचं असेल तर दोघांच्या घरचं प्यायचं, नाहीतर कुणाच्याच नाही.

हे गाव सास्तूरच्या पलीकडं. नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं दिवाळी अंक वाचतात. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या आधीच्या उन्हाळ्यात तिथं गावठाणाची मोजणी लागली होती. मी तेव्हा पोरसवदा होतो, मिशीसुद्धा नीट बसली नव्हती. सकाळभर वेशीपासून मापं घेतली आणि ती सगळी बिनचूक आहेत, हे आजही छातीठोकपणे सांगतो. दुपारी राहिली दोन भावांची घरं. थोरले चन्नाप्पा, गाव त्यांना अण्णा म्हणायचं, आणि धाकटा गुरुनाथ. अण्णांच्या घराला लागून एक बोळ होता, आणि त्या बोळातून गुरुनाथची बैलगाडी त्याच्या मागच्या वाड्यात जायची. अण्णांना बोळाच्या कडेनं भिंत घालायची होती. भिंत कुठवर घालावी, एवढाच प्रश्न होता.

ऊन मी म्हणत होतं. अण्णांच्या बायकोनं, काशीबाईंनी, "साहेब, येवढं खाऊन घ्या" म्हणून शेंगापोळ्या वाढल्या. मी तीन खाल्ल्या. वर तूप. मग वेशीपर्यंत परत चालत जाण्याचा कंटाळा आला. म्हटलं, समोर मारुतीचा पार आहे, नकाशावरही आहे, तिथूनच टेप लावू. लावली, माप संपलं तिथं रेघ मारली. ती रेघ बोळाच्या बरीच आत आली.

गुरुनाथ म्हणाला, "साहेब, बोळ सा फुटाचा हाय. माझी गाडी रोज जाती हितनं."

मी म्हणालो, "गाडीला नकाशा वाचता येत नाही."

माणसं हसली. मलाही माझं वाक्य आवडलं होतं. आज ते परत घ्यावंसं वाटतं.

अण्णांनी महिन्याभरात भिंत घातली. बोळ चार फुटांचा उरला. त्यातून गाडी जाईना, म्हणून गुरुनाथनं बैल, गाडी, बायको, तीन लेकरं उचलली आणि तो शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेला. जाताना भावाशी बोलला नाही. गाव म्हणालं, तीन शेंगापोळ्यांत दोन फूट गेले. पुढं कचेरीत बसून नकाशावर शाई चढवताना मला कळलं, की माझ्या सकाळच्या रेघा आणि दुपारच्या रेघा एकमेकींना भेटत नाहीत. दोन फुटांचा फरक. चौकशी केल्यावर समजलं, गावकऱ्यांनी त्याच वर्षी पाराला चारी बाजूंनी नवे चिरे घालून तो दोन-दोन फूट वाढवला होता आणि वरून चुना मारला होता. माझी न हलणारी वस्तू हलली होती. चूक पाराची होती, शेंगापोळीची नव्हती, एवढं समाधान. पण चूक ती चूकच. मी नकाशावर तो फरक बोळात जिरवला, खाली झोकात सही केली आणि ठरवलं, पुढच्या आठवड्यात जाऊन सांगू. असे बरेच पुढचे आठवडे गेले.

मग भूकंप झाला. त्याबद्दल मी लिहिणार नाही, ज्यांनी पाहिलं त्यांना गरज नाही. अण्णा त्या दिवशी पाहुण्याच्या गावाला होते. त्यांची आई आणि काशीबाई गेल्या. आणि मला लाज वाटते, पण सांगतो: महिन्याभरानं, सपाट झालेल्या गावाऐवजी नवं गावठाण आखायला मी दूरच्या माळावर उभा होतो, तेव्हा माझ्या मनात एक विचार असाही आला, की आता तो बोळ कुणी मोजणार नाही. त्याच्या मागोमाग दुसरा विचार आला, की ती नवी भिंत माझ्या रेघेवर उभी होती. ती कुणाच्या अंगावर पडली, हे मी कधी विचारलं नाही. नव्या गावात सगळे प्लॉट एकसारखे, चौकोनी, रस्ते सरळ. दोन भावांना चिठ्ठीनं दोन टोकांना घरं आली. तिथं भांडायला सामाईक भिंत नव्हती, पण दोघं बोलत नव्हते ते नव्हतेच.

एवढं सगळं झाल्यावर, परवाच्या हिवाळ्यात, सुप्रिया माझ्या ओसरीवर आली. ती त्याच गावची, पण जन्म नव्या गावातला. पुण्याला इमारतींचं शिकली आणि एका कंपनीत लागली. ती कंपनी म्हणे डोळ्यांवर घालायच्या यंत्रात अख्खी घरं दाखवते. अशी महागडी यंत्रं शहराबाहेर चालतील का, हे कंपनीला बघायचं होतं, आणि सुप्रियानं त्यांना पटवलं होतं, की चाचणी म्हणून मी आमचं जुनं गाव उभं करते. तिनं कचेरीतून नकाशाची नक्कल काढली होती.

"काका, ही सही तुमचीच ना?"

मोजणीदाराला हा प्रश्न कुणी चांगल्या कामासाठी विचारत नाही. मी म्हणालो, "दिसते तर माझ्यासारखीच."

तिनं पिशवीतून यंत्र काढलं. पोहायचा चष्मा आणि जेवणाचा डबा यांचं लग्न लावल्यावर जे होईल ते. माझ्या डोळ्यांवर चढवलं, पट्टा आवळला, आणि मी मुरुमच्या ओसरीवर खुर्चीत बसलेला असताना त्या गावाच्या वेशीत उभा राहिलो. मान वळवली की गाव वळायचं. दगडाच्या भिंती, माळवदं, धाबी, मारुतीचा पार. माणूस एकही नव्हतं. मी हातवारे करत होतो, ते बघून बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, कुणाला बोलावताय?"

मी कुणाला बोलावत नव्हतो. मी चोरासारखा थेट त्या बोळात गेलो होतो. बोळ चार फुटांचाच होता. पोरीनं माझ्या नकाशावर विश्वास ठेवून माझी चूक दगडादगडानं बांधून काढली होती. मी यंत्र उतरवलं, म्हणालो, "झकास झालंय," आणि पाणी मागितलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

मग ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये गाव दाखवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. यंत्र एकच होतं. ज्यानं घातलंय त्याला काय दिसतंय, ते बाकीच्यांना टीव्हीवर दिसायचं. पहिल्याच दिवशी गावानं यंत्राचं बारसं केलं. घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांना बांधतात ती झापड, म्हणून हीही झापड. सुप्रियाला हे नाव फारसं आवडलं नाही, कंपनीनं नाव ठेवायलाच पुष्कळ खर्च केला होता म्हणे.

पहिली अडचण विभूतीची. म्हाताऱ्यांच्या कपाळावर तीन आडवे पट्टे. ते काचेला लागले, की गाव धुक्यात जायचं. सुप्रिया म्हणाली, "आजोबा, तेवढं पुसता का?" आजोबांनी तिच्याकडं असं पाहिलं, की जणू तिनं कान कापून ठेवायला सांगितले. शेवटी कपाळाला हातरुमाल बांधून वर झापड, अशी तोड निघाली. दुसरी अडचण टोपीची. टोपी काढून पट्टा बांधायचा, तर एक आजोबा म्हणाले, "गावात उघड्या डोक्यानं शिरू व्हय?" मग टोपीवरून पट्टा. दोन-तीन टोप्या कायमच्या चेपल्या.

एक आजी झापड घालून आपल्या सासरच्या घरासमोर आल्या आणि त्यांनी झटकन डोक्यावरचा पदर पुढं ओढला. पदर झापडीवरून खाली आला, यंत्राला बाहेरचं काही दिसेना, आणि सगळं गाव काळं झालं.

"आजी, पदर वर घ्या," सुप्रिया म्हणाली.

"सासरं बसल्यात की वट्ट्यावर."

"आजी, तिथं कुणीच नाही. मी माणसं घातलीच नाहीत."

"तुला काय ठावं बाई? त्या टायमाला बसायचेच ते तितं."

पाच मिनिटं गाव अंधारात राहिलं. मग आजी स्वतःच म्हणाल्या, "गेलं रानात," आणि पदर मागं घेतला.

गावातले गायकवाड गुरुजी निवृत्त शिक्षक, माझ्यापेक्षा वयानं मोठे. त्यांच्या समाजाची वस्ती जुन्या गावात ओढ्यापलीकडं होती. गुरुजी झापड घालून शांतपणे पार, चावडी, शाळा असे चालत ओढ्यापाशी आले. तिथं गाव संपत होतं. पुढं नुसती हिरवी जमीन आणि आभाळ. सुप्रियाचा चेहरा उतरला.

गुरुजींनी झापड काढली, पुसून तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "हुबेहूब झालंय बाळ. तवाबी आमच्याकडं येताना गाव इथंच संपायचं."

ते गाव तिथं संपत होतं, कारण माझा नकाशा तिथं संपत होता. गावठाणाची हद्द ओढ्यापर्यंत, म्हणून मी ओढ्यापर्यंतच मोजलं होतं. तेव्हा मला त्यात काही चुकल्यासारखं वाटलंही नव्हतं. सुप्रिया दोन दिवस गुरुजींच्या घरी मांडी घालून बसली आणि त्यांनी वहीवर काढून दिली तशी सगळी घरं तिनं ओढ्यापलीकडं बांधली. गुरुजींनी पुन्हा बघितलं आणि विहिरीची जागा तेवढी बदलून घेतली.

हे बघून गावाला कळलं, की झापडीतलं गाव दुरुस्त करून मिळतं. मग काय विचारता. दुसऱ्या दिवसापासून अर्ज सुरू झाले. विषय: झापडीतील घराचे दार पूर्वेस करून मिळणेबाबत. विषय: झापडीतील लिंबाच्या झाडाचे मालकी हक्काबाबत. एका गृहस्थांनी जुन्या गावात जागा मागितली. ते घरजावई, भूकंपानंतर गावात आलेले, जुन्या गावात त्यांचं काहीच नव्हतं. त्यांचं म्हणणं, सगळ्यांची दोन-दोन घरं आणि माझं एकच, हा कुठला न्याय? सरपंचबाईंनी अर्जावर "चौकशी करावी" असा शेरा मारला. ग्रामसेवकानं मला बाजूला घेऊन विचारलं, "साहेब, ह्या गावाची घरपट्टी कुणी लावायची?" तो गंमत करत होता, असं मी आजवर स्वतःला सांगतो.

कंपनीचा एक फॉर्म होता, त्यात शेवटचा प्रश्न: हे यंत्र आपण विकत घ्याल का? एकानंही हो म्हटलं नाही. तरी रोज हॉलमध्ये उभं राहायला जागा नसायची. सुप्रियाला याचं कोडं पडलं. पदरवाल्या आजी म्हणाल्या, "घरोघरी झापड आली तर हितं कोन यील गं? मग बघितल्यालं सांगायचं कुणाला?" सुप्रियानं ते फॉर्मवर लिहिलं, पण पुढचा चौकोन रिकामाच सोडला.

आणि मग आठव्या दिवशी एका म्हातारीनं बोळ पकडला. झापड घालून ती अण्णांच्या घराकडं वळली आणि म्हणाली, "अगं बया, ह्या बोळातनं गुरुनाथची गाडी जायची. आता शेळी घातली तर शेळीबी अडकंल."

हॉलमध्ये एकदम कुजबुज झाली. अण्णा कोपऱ्यात बसले होते, ते उठून गेले. गुरुनाथ तर एकदाही आला नव्हता. बघता बघता जुना वाद जिवंत झाला: बोळ मुळात चारचा का सहाचा? सरपंचबाई म्हणाल्या, "नकाशावर सही कुणाची हाय? त्यास्नीच बोलवा." मी तिथंच बसलो होतो. सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. ठराव झाला, की झापडीतल्या बोळाची रीतसर मोजणी करावी.

रीतसर म्हणजे नोटीस आली. दोन्ही लगतधारकांना, म्हणजे हद्दीला लागून ज्यांची जागा आहे त्यांना, लेखी नोटीस दिल्याशिवाय आणि ते हजर असल्याशिवाय मोजणी करायची नसते, हा आमच्या धंद्याचा कणा आहे. मी निवृत्त, गाव अस्तित्वात नसलेलं, बोळ प्रकाशाचा. तरी मी रेघांच्या कागदावर दोन नोटिसा लिहिल्या. गुरुनाथ येईल का, अशी सगळ्यांना शंका होती. मला नव्हती. आपल्याकडचा माणूस आमंत्रणाला येत नाही, पण नोटिशीला येतो.

त्या आठवड्यात मला झोप लागली नाही. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुमची इज्जत दोन फुटांची असंल तर गेली तरी चालंल." बायका अशा वेळी फार कमी शब्द वापरतात.

मोजणीच्या दिवशी सकाळी हॉल भरला होता. एका भिंतीला अण्णा, समोरच्या भिंतीला गुरुनाथ. दोघांचे केस पांढरे, दोघांची बसण्याची तऱ्हा एकच, डावा पाय मुडपून. मी झापड घातली, हातात खरी टेप घेतली. सुप्रिया म्हणाली, "काका, टेप कशाला? कॉम्प्युटर इंचासकट सांगतो." पण सरपंचबाईंनी निक्षून सांगितलं, की टेपशिवाय मोजणी गाव मानणार नाही. टेपचं दुसरं टोक ग्रामसेवकानं धरलं. त्याला झापड नव्हती. मला पार दिसत होता, त्याला रेशनकार्डांचं कपाट. मी ओरडायचो, "पाराच्या कोपऱ्याला लाव," आणि तो कपाटाच्या पायाला लावायचा. बोळाचं माप आलं चार फूट. सगळे म्हणाले, बरोबर, नकाशात चारच आहे.

मग अण्णांची पाळी, लगतधारक म्हणून खात्री करायला. त्यांनी कपाळाला रुमाल बांधून झापड घातली आणि ते आपल्या घराच्या दारात जाऊन उभे राहिले. बराच वेळ हलले नाहीत. टीव्हीवर नुसतं दार दिसत होतं.

तेव्हा मी बोललो. "माप चुकीचं आहे. बोळ सहाचाच होता. पार वाढवलाय हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं, नंतर कळलं. कळल्यावरही मी सांगायला आलो नाही. गुरुनाथचे दोन फूट माझ्यामुळं गेले, आणि तुम्हा दोघांचं बोलणंही."



अण्णा झापडीतूनच म्हणाले, "पाराचं चिरं माझ्याच गाडीतनं आलं हुतं, साहेब. तुमी पाराला टेप लावली तवाच मला कळलं. म्या गप बसलो."

तेवढ्यात समोरून गुरुनाथ म्हणाला, "मलाबी त्याच दिशी कळलं. सांच्याला कासऱ्यानं मोजलं हुतं म्या."

सरपंचबाईंनी कपाळाला हात लावला. "म्हंजी तिघांलाबी ठावं हुतं? आन आमी हितं ठराव करून खुर्च्या मांडून बसलाव?"

"मग भांडला का नाहीस?" मी गुरुनाथला विचारलं. "अर्ज केला असतास, मी चूक दुरुस्त केली असती."

"रागात हुतो. म्हनलं, खाऊ दे दोन फूट. गेलो शेतावर." मग भावाकडं न बघता, सरपंचबाईंकडं बघून बोलू लागला. "राग कवाच गेला, बाई. भूकंप झाला त्याच दिशी गेला. त्या दोन फुटापायी माझी लेकरं शेतावर हुती, म्हनून वाचली. आई दोघांची गेली, पर माझ्या बायकापोरांतलं एकबी मानूस गेलं न्हाय. आन ह्याचं घर रिकामं झालं. कुठल्या तोंडानं ह्याच्या म्होरं उभा ऱ्हाऊ? काय म्हनू ह्याला? तू मला हाकललंस ते लई बरं झालं, असं म्हनू?"

मी तीस वर्षं स्वतःच्या चुकीकडं बघत बसलो होतो, आणि ती माझी चूक एका घरात पाच जीव राखून बसली होती, हे मला कधी सुचलं नव्हतं. मी खुर्ची ओढून बसलो. मग धीर करून अण्णांना विचारलं, "आणि ती भिंत? माझ्या रेघेवरची?"

"ती कुठं पडली? समदं घर आडवं झालं, ती तेवढी हुबी. मातीची न्हवती, सिमिटाची हुती."

झापडीच्या खालून अण्णांच्या गालावर पाणी आलं होतं. सुप्रिया पुसायला पुढं झाली, तिला त्यांनी हातानं थांबवलं. म्हणाले, "मला वाटायचं, गुरू अजून दोन फुटासाठी रुसलाय."

"येडा हायस का? तीस वर्सं?"

"तू पयल्यापास्नं रुसका हायस."

हॉल हसला. गुरुनाथलाही हसू आलं, ते लपवायला त्यानं तोंडावरून पंजा फिरवला. सुप्रियानं हळूच विचारलं, "मग भिंत दोन फूट आत घेऊ ना?"

"घे," अण्णा म्हणाले.

"आजाबात घिऊ नको," गुरुनाथ म्हणाला. "हाय तितंच ऱ्हाऊ दे. ती भिंत हुती म्हनून आमी हाव."

"फूट तुझं हायत!"

"मी दिलं तुला! ठिव की!"

"मला नगंत!"

आवाज चढले. दोघं उभे राहिले. आयुष्यभर मी भाऊ भावाची जमीन ओढताना पाहिले होते, एकमेकांच्या अंगावर ढकलताना हे पहिलेच. ग्रामसेवक मला म्हणाला, "साहेब, आता काय लिहू पंचनाम्यात?" मी म्हणालो, थांब जरा.

एकाएकी अण्णा गप्प झाले. झापड तशीच डोळ्यांवर, हात थोडे पुढं, आपल्या दाराच्या आत एक पाऊल सरकलेले. आवाज उतरवून म्हणाले, "बाहीर का भांडतूस? घरात यी."

सुप्रियानं माझी बाही ओढली. टीव्हीवर काहीच नव्हतं, नुसतं काळं. "काका," ती कानात म्हणाली, "बॅटरी मघाशीच संपलीय." बाकी कुणाचं तिकडं लक्ष नव्हतं, सगळे दोघा भावांकडं बघत होते.

"यी की," अण्णा पुन्हा म्हणाले. "दारातच हाय मी."

गुरुनाथ भिंतीपासून निघाला आणि रिकाम्या फरशीवरून चालत भावासमोर आला. तिथं क्षणभर थबकला. मग त्यानं उंबऱ्यावरून पाय टाकावा तसा पाय चांगला वीतभर उचलून पलीकडं ठेवला, आणि चौकट डोक्याला लागू नये म्हणून मान खाली घातली.